लैंगिक संसर्गाच्या तपासणीची धास्ती : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लैंगिक संबंधांतून पसरणाऱ्या संसर्गांची तपासणी काही मिनिटांत उरकते आणि तिच्यात फारसे दुखतही नाही. तरीही ती करून घ्यायचे ठरवलेला माणूस अनेकदा महिनोन्महिने घराबाहेर पडत नाही. पुढील प्रश्न वरवर पाहता सुईचे, सँपलचे आणि रिपोर्टचे आहेत. पण त्यांतल्या बऱ्याच प्रश्नांच्या मुळाशी ‘लोक मला काय समजतील’ हा प्रश्न असतो, म्हणून वैद्यकीय माहिती देताना त्याचीही दखल घेतली आहे.

तपासणीच्या नुसत्या विचारानेच छातीत धडधडू लागते. असे का होते?

या भीतीचे एक कारण ऐतिहासिक आहे आणि ते कळले की तिची धार थोडी बोथट होते. सिफिलिसचा, म्हणजे उपदंशाचा, जिवाणू १९०५ मध्ये सापडला आणि पुढच्याच वर्षी रक्तावरून हा आजार ओळखणारी वासरमान चाचणी आली. पण पेनिसिलिनने तो बरा होतो, हे अमेरिकन डॉक्टर जॉन महोनी यांनी दाखवले ते १९४३ मध्ये. मधल्या काळात पारा आणि १९१० पासून सॅल्व्हर्सन हे आर्सेनिकयुक्त औषध, असे लांबत जाणारे आणि स्वतःच विषारी असलेले उपचार घ्यावे लागत. एचआयव्हीच्या बाबतीतही थोड्याफार फरकाने हेच घडले : रक्ततपासणी १९८५ मध्ये उपलब्ध झाली, आणि विषाणूला खऱ्या अर्थाने रोखून धरणारी एकत्रित औषधयोजना १९९६ च्या सुमारास आली. दोन्ही वेळा तपासणी आधी आली आणि इलाज मागून आला. त्या मधल्या वर्षांत पॉझिटिव्ह रिपोर्टला घाबरणे अगदी रास्त होते. पुढे इलाज आले, पण घाबरण्याची सवय मात्र वारशाने चालत राहिली, आणि आज तपासणीला निघालेला माणूस बहुधा त्याच जुन्या काळातली भीती सोबत घेऊन निघतो.

भाषेचाही यात वाटा आहे. ‘गुप्तरोग’ या शब्दातून रोग कोणता, तो कशाने झाला आणि बरा होतो की नाही, यांपैकी काहीच कळत नाही. तो लपवायचा असतो, एवढेच कळते. म्हणून येथे ‘संसर्ग’ हा साधा शब्द वापरला आहे.

मला कसलाच त्रास होत नाही. मग तपासणी कशासाठी करायची?

कारण त्रास न होणे हेच या संसर्गांचे सर्वांत सामान्य लक्षण आहे, असे म्हटले तरी चालेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार १५ ते ४९ या वयोगटात जगभरात दररोज १० लाखांहून अधिक लोकांना बऱ्या होणाऱ्या लैंगिक संसर्गांची लागण होते आणि त्यांतल्या बहुसंख्य लोकांना कोणतेही लक्षण जाणवत नाही. क्लॅमिडिया हे याचे ठळक उदाहरण आहे. तो महिनोन्महिने शांतपणे राहतो, आणि स्त्रियांमध्ये त्या काळात गर्भाशय व गर्भनलिकांपर्यंत पोहोचून ओटीपोटाचा दाह, वंध्यत्व किंवा गर्भनलिकेतच गर्भ राहणे अशा अडचणी निर्माण करू शकतो. सिफिलिसची पहिली जखम बहुधा दुखत नाही आणि काही आठवड्यांत औषधाशिवाय भरूनही येते. जखम भरली म्हणून माणूस सुटकेचा निःश्वास टाकतो, जिवाणू मात्र शरीरातच असतो.

गरोदरपणात तपासणीचे महत्त्व आणखी वाढते. सिफिलिस, एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी या तिन्हींची तपासणी प्रत्येक गरोदरपणात सुरुवातीलाच करतात, कारण वेळेवर उपचार केले तर बाळाला होणारी लागण बहुतांशी टाळता येते. ती तपासणी सुचवली म्हणजे डॉक्टरांना आपल्यावर संशय आहे, असा अर्थ कोणी काढू नये.

तेथले डॉक्टर आणि कर्मचारी माझ्याबद्दल काय विचार करतील?

ज्या टेबलासमोर तुम्ही आयुष्यात पहिल्यांदा बसलेले असता, त्या टेबलापलीकडच्या व्यक्तीने तोच संवाद त्या दिवशी अनेकदा केलेला असतो. तुमच्यासाठी जी कबुली असते, ती त्यांच्यासाठी अर्जातली एक रकाना भरण्याची बाब असते. शेवटचा संबंध कधी आला, निरोध वापरला होता का, जोडीदार पुरुष, स्त्री की दोन्ही, संबंध योनिमार्गातून, मुखावाटे की गुदमार्गातून, हे प्रश्न ऐकताना कानशिले तापतात, हे खरे. परंतु त्या प्रत्येक उत्तरावर तपासणीचा एकेक निर्णय अवलंबून असतो. घशात किंवा गुदाशयात असलेला गोनोरिया लघवीच्या तपासणीत सापडत नाही. त्यासाठी त्याच जागेचा स्वॅब घ्यावा लागतो. संकोचापोटी मुखमैथुनाचा उल्लेख गाळणाऱ्या माणसाला मग खरोखरच निगेटिव्ह रिपोर्ट मिळतो, पण तो न तपासलेल्या जागेबद्दल काहीच सांगत नाही.

तोंडाने सांगणे जड जात असेल तर या गोष्टी घरीच कागदावर लिहून घ्याव्यात आणि तो कागद पुढे सरकवावा. कोणीही त्याला हसत नाही. उलट समोरच्या माणसाचे काम त्याने सोपे होते. आणि जर कोणी खरोखरच उपदेश केला किंवा टोमणा मारला, तर तो त्या व्यक्तीच्या वागणुकीतला दोष आहे. दुसरे केंद्र शोधावे, तपासणी मात्र सोडू नये. असे अनुभव येतच नाहीत असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

तपासणीला गेल्यावर नेमके काय घडते?

आधी वर सांगितलेली विचारपूस होते, मग सँपल घेतात. रक्त दोन प्रकारे घेतले जाते : बोटाच्या टोकाला टोचून एखाददुसरा थेंब, किंवा कोपराच्या आतल्या बाजूच्या शिरेतून एक-दोन लहान नळ्या. एचआयव्ही, सिफिलिस, हिपॅटायटिस बी आणि सी यांसाठी रक्त लागते. त्यासाठी उपाशीपोटी जाण्याची गरज नसते. घाबरणाऱ्या माणसाने तर काहीतरी खाऊन आणि पाणी पिऊनच जावे.

क्लॅमिडिया आणि गोनोरियासाठी पुरुषांची लघवी पुरते. येथे एक बारकावा आहे आणि त्यातच सर्वाधिक लोक चुकतात. नेहमीच्या लघवीच्या तपासणीत सुरुवातीची धार सोडून मधली धार घ्यायला सांगतात. येथे बरोबर उलटे करायचे असते. किमान एक तास लघवी केलेली नसावी आणि पहिली धारच, साधारण २० ते ३० मिलिलिटर, डबीत घ्यावी, कारण मूत्रमार्गाच्या कडांना चिकटलेले जिवाणू त्या पहिल्या धारेबरोबर धुऊन बाहेर येतात. डबी काठोकाठ भरण्याचा उत्साह येथे नडतो, कारण जास्तीच्या लघवीने सँपल पातळ होते.

स्त्रियांच्या बाबतीत लघवीपेक्षा योनिमार्गातला स्वॅब अधिक भरवशाचा मानला जातो, आणि तो स्वतः घेता येतो. बंद खोलीत किंवा स्वच्छतागृहात जाऊन कापसाच्या बोळ्यासारखे टोक असलेली लवचीक काडी सुमारे ५ सेंटिमीटर आत सरकवायची, किटवर सांगितलेले काही सेकंद गोल फिरवायची, नळीत टाकायची, ठरलेल्या खुणेवर मोडायची आणि झाकण घट्ट लावायचे. डॉक्टरांनी घेतलेल्या स्वॅबइतकाच असा स्वॅब अचूक ठरतो. त्यामुळे लक्षणे नसतील तर बहुतेक वेळा कपडे काढून टेबलावर झोपण्याचा आणि आतून तपासून घेण्याचा प्रसंगच येत नाही. फोड, जखम, स्राव किंवा ओटीपोटात दुखणे असेल तर मात्र डॉक्टरांना पाहावे लागते. अशा वेळी स्त्रीला स्त्री किंवा पुरुषाला पुरुष डॉक्टर मागण्याचा, सोबत कोणाला तरी ठेवण्याचा आणि मध्येच ‘थांबा’ म्हणण्याचा हक्क तुम्हाला आहे.

पुरुषांच्या मूत्रमार्गात छत्रीसारखे काहीतरी घालून उघडतात, असे ऐकले आहे. ते खरे आहे का?

नाही. मित्रामित्रांत ऐकिवात आलेली ही कथा विलक्षण चिवट आहे. पूर्वी पातळ काडीचा स्वॅब मूत्रमार्गात थोडासा आत घालून सँपल घेत असत आणि ते झोंबत असे. त्यावरच पुढे छत्रीची कथा रंगली असावी. आता लक्षणे नसलेल्या पुरुषासाठी लघवीची डबी पुरेशी असते. स्राव होत असेल तर टोकाशी आलेल्या स्रावाचाच नमुना घेता येतो.

मला सुईची भीती आहे आणि रक्त पाहिले की भोवळ येते. काय करावे?

ही भीती इतर भीतींपेक्षा शरीराच्या दृष्टीने वेगळी आहे. साप दिसल्यावर रक्तदाब वाढतो, तर सुई किंवा रक्त दिसल्यावर काही लोकांचा रक्तदाब आणि नाडी आधी थोडी वाढून मग झपकन उतरते, मेंदूकडे जाणारे रक्त कमी होते आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हणूनच अशा वेळी ‘अंग सैल सोड, खोल श्वास घे’ हा सर्वांच्या तोंडी असलेला सल्ला फारसा उपयोगी पडत नाही. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ लार्स-योरान ओस्त यांनी १९८० च्या दशकात याउलट पद्धत रूढ केली. दंड, पोट आणि मांड्यांचे स्नायू १० ते १५ सेकंद घट्ट आवळून धरायचे, चेहऱ्यावर उष्णता जाणवू लागली की सोडायचे, २० ते ३० सेकंद थांबायचे आणि असे पाच वेळा करायचे. ज्या हातात सुई टोचायची आहे तो हात मात्र सैल ठेवावा. घरी आठवडाभर सराव केला तर ऐन वेळी आठवण्याची धडपड करावी लागत नाही.

याशिवाय, रक्त घेणाऱ्या व्यक्तीला ‘मला भोवळ येते’ हे आधीच सांगावे. ते खुर्चीऐवजी झोपवून रक्त घेतात. सांगायला लाजून खुर्चीतून खाली पडणे हा कोणत्याही दृष्टीने कमी लाजिरवाणा पर्याय नाही.

एकाच तपासणीत सगळे संसर्ग कळतात का?

कळत नाहीत, आणि ‘सगळ्या टेस्ट करा’ असे म्हणून बाहेर पडणाऱ्या अनेकांची येथेच गफलत होते. लैंगिक संबंधांतून पसरू शकणारे जिवाणू, विषाणू आणि परजीवी ३० हून अधिक आहेत. तपासणीत त्यांतले मोजकेच शोधले जातात. म्हणून ‘यात कोणकोणत्या संसर्गांचा समावेश आहे’ हे स्पष्ट विचारावे आणि उत्तर लिहून घ्यावे.

हर्पिस, म्हणजे गुप्तांगावर फोड आणणारा विषाणूसंसर्ग. त्याच्यासाठी लक्षणे नसताना सरसकट रक्ततपासणी करण्याची शिफारस केली जात नाही, कारण त्या तपासणीत चुकीचे पॉझिटिव्ह निकाल बरेच येतात आणि हाती आलेल्या निकालाचे पुढे करायचे काय, हेही स्पष्ट नसते. फोड आलेला असताना त्याचा स्वॅब घेणे हाच योग्य मार्ग आहे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरू शकणाऱ्या एचपीव्ही या विषाणूसाठी स्त्रियांमध्ये गर्भाशयमुखाची वेगळी नियमित तपासणी असते; पुरुषांसाठी तशी मान्य नेहमीची तपासणी नाही.

संबंध आल्यानंतर किती दिवसांनी तपासणी करावी?

लागण झाल्यापासून ती तपासणीत दिसू लागेपर्यंतच्या काळाला विंडो पिरियड म्हणतात. तो प्रत्येक संसर्गासाठी आणि तपासणीच्या प्रत्येक प्रकारासाठी वेगळा असतो. क्लॅमिडिया आणि गोनोरियासाठी साधारण दोन आठवडे थांबावे. एचआयव्हीसाठी शिरेतल्या रक्तावर प्रयोगशाळेत होणारी अँटिजेन-अँटिबॉडी तपासणी (विषाणूचा अंश आणि त्याविरुद्ध शरीराने बनवलेली प्रतिद्रव्ये, दोन्ही शोधणारी) १८ ते ४५ दिवसांत लागण पकडते. बोटाच्या थेंबावर किंवा तोंडातल्या द्रवावर होणाऱ्या अँटिबॉडी तपासणीला २३ ते ९० दिवस लागू शकतात. विषाणूचे जनुकीय द्रव्य शोधणारी तपासणी १० ते ३३ दिवसांत उत्तर देते. सिफिलिसचा निर्वाळा मिळायला ९० दिवसांपर्यंत थांबावे लागते.

याचा अर्थ तीन महिने हातावर हात ठेवून बसावे असा नाही. दोन आठवड्यांनी जेवढे कळण्यासारखे आहे तेवढे तपासून घ्यावे आणि उरलेल्यासाठी पुढची तारीख ठरवावी. घाबरलेल्या मनाला ‘अजून वेळ झालेली नाही’ हे कारण फार सोयीचे वाटते आणि त्या सोयीतच वर्ष निघून जाते.

एक अपवाद मात्र लक्षात ठेवावा. एचआयव्हीचा धोका गेल्या तीन दिवसांतलाच असेल तर तपासणीचा विचार बाजूला ठेवून ताबडतोब डॉक्टरांकडे किंवा तातडीच्या विभागात जावे. ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यायची प्रतिबंधक औषधे असतात आणि ती जितकी लवकर सुरू होतील तितकी परिणामकारक ठरतात.

घरच्या घरी किटवर तपासणी केली तर चालेल का?

चालेल, आणि केंद्रापर्यंत जाण्याचे धैर्य होत नसलेल्यांसाठी ती चांगली सुरुवात आहे. पण किट वापरताना हात थरथरत असतात, म्हणून सूचना आदल्या दिवशी शांतपणे वाचाव्यात. पट्टीवर दोन रेघांची जागा असते. कंट्रोलची रेघ आली नाही तर पट्टीच निकामी आहे, मग दुसऱ्या जागी काहीही दिसो. कंट्रोलची रेघ आली आणि दुसऱ्या जागीही रेघ आली, मग ती कितीही पुसट असो, तर निकाल रिॲक्टिव्ह, म्हणजे लागणीची शक्यता दाखवणारा, धरतात. सूचनेत दिलेल्या मिनिटांच्या आधी किंवा नंतर वाचलेला निकाल ग्राह्य नसतो. कचऱ्याच्या टोपलीतून पट्टी पुन्हा उचलून संध्याकाळी प्रकाशात धरून पाहणे हा निव्वळ स्वतःचा छळ आहे. रिॲक्टिव्ह निकालाची खात्री प्रयोगशाळेतच करून घ्यावी लागते.

ही गोष्ट घरी किंवा ओळखीत कळणार नाही ना?

रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे हे वैद्यकीय व्यवसायाचे मूलभूत कर्तव्य आहे. तरी बहुतेकांची गुपिते फुटतात ती डॉक्टरांच्या तोंडून नव्हे, तर टेबलावर राहिलेल्या पावतीतून किंवा मोबाइलच्या पडद्यावर उमटलेल्या संदेशातून. म्हणून नाव नोंदवतानाच विचारावे : रिपोर्ट कोणत्या मार्गाने येईल, संदेशात तपासणीचे नाव असेल का, फोन केलाच तर तो कोणत्या वेळी येईल, आणि काही संसर्गांची नोंद आरोग्य यंत्रणेकडे जाते का. काही ठिकाणी नाव न सांगता केवळ क्रमांकावर तपासणी करता येते.

रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस कसे काढायचे?

एचआयव्हीची झटपट तपासणी साधारण २० मिनिटांत निकाल देते. प्रयोगशाळेतल्या तपासण्यांना काही दिवस लागतात. हे दिवस अनेकांना सुईपेक्षा अधिक जड जातात. सँपल देतानाच निकाल कोणत्या दिवशी मिळेल ते विचारून घ्यावे, कारण तारीख ठाऊक असलेली वाट पाहणे तारीख ठाऊक नसलेल्या वाट पाहण्यापेक्षा पुष्कळ सोपे असते.

या दिवसांत इंटरनेटवर लक्षणे शोधू नयेत. ताप, घसादुखी, थकवा, अंगावर पुरळ ही एचआयव्हीच्या सुरुवातीच्या काळातली लक्षणे असू शकतात, हे खरे. पण तीच साध्या सर्दीतापाची आणि अपुऱ्या झोपेचीही लक्षणे आहेत, आणि काळजीने तीन रात्री न झोपलेल्या माणसात त्यांतली निम्मी तरी सापडतातच. लक्षणांवरून निदान होत नाही, म्हणून तर तपासणी करावी लागते. रिपोर्ट उघडताना कोणी विश्वासातले माणूस जवळ असावे असे वाटत असेल तर ते आधीच ठरवावे. आणि शक्यतो रात्री अकरा वाजता, कोणालाही विचारता येणार नाही अशा वेळी, रिपोर्ट उघडू नये.

रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर?

पहिली गोष्ट, कागदावर नेमका कोणता शब्द आहे ते पाहावे. ‘रिॲक्टिव्ह’ म्हणजे प्राथमिक तपासणीने काहीतरी टिपले आहे. निदान अद्याप झालेले नाही. यामागचे गणित एकदा मांडून पाहावे. समजा, एखादी तपासणी लागण नसलेल्या १,००० जणांपैकी फक्त ५ जणांना चुकून रिॲक्टिव्ह ठरवते, म्हणजे ती चांगलीच अचूक आहे. आता १०,००० जण तपासले आणि त्यांत खरी लागण फक्त १० जणांना असली, तर ते १० खरे आणि जवळपास ५० चुकीचे, असे ६० रिॲक्टिव्ह रिपोर्ट निघतील. लागण विरळ असलेल्या गटात रिॲक्टिव्ह निकालाची दुसऱ्या पद्धतीने खात्री का करतात, ते यावरून कळेल. सिफिलिसच्या प्राथमिक रक्ततपासणीत तर गरोदरपण किंवा काही संधिवातासारखे आजार यांमुळेही चुकीचा निकाल येऊ शकतो.

खात्रीच्या तपासणीनंतरही निकाल कायम राहिला, तर पुढचा रस्ता संसर्गानुसार ठरतो. सुरुवातीच्या टप्प्यातल्या सिफिलिसला बेंझाथिन पेनिसिलिनची कमरेच्या स्नायूत दिलेली एकच मात्रा पुरते. त्यानंतर पहिल्या २४ तासांत ताप, थंडी आणि अंगदुखी येऊ शकते. मरणाऱ्या जिवाणूंना शरीराने दिलेली ती प्रतिक्रिया असते आणि आपोआप ओसरते, पण कोणी आधी सांगितले नाही तर औषध बाधले असे वाटून माणूस घाबरतो. गोनोरियासाठी सहसा सेफ्ट्रिॲक्सोनचे एक इंजेक्शन देतात. क्लॅमिडियासाठी सामान्यतः डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या दिवसातून दोनदा, सात दिवस देतात, मात्र गरोदरपणात औषध बदलतात. यांतले काहीही स्वतःच्या मनाने दुकानातून आणून घेऊ नये. उरलेल्या प्रतिजैविकाच्या दोन गोळ्यांनी लक्षणे दबतात, तपासणी फसते आणि गोनोरियासारखा आधीच औषधांना दाद न देणारा होत चाललेला जिवाणू अधिक निर्ढावतो.

एचआयव्ही पूर्णपणे बरा होत नाही. परंतु रोज औषध घेऊन रक्तातले विषाणूंचे प्रमाण तपासणीत न सापडण्याइतके कमी ठेवता येते, आणि ते तसे टिकून असताना लैंगिक संबंधांतून जोडीदाराला लागण होत नाही. ‘पार्टनर’ या युरोपातील अभ्यासाचे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष या बाबतीत बोलके आहेत : एक जोडीदार एचआयव्हीसह जगणारा व उपचारांवर असलेला आणि दुसरा लागण नसलेला, अशा पुरुष जोडप्यांमध्ये निरोधाशिवाय आलेल्या सुमारे ७६ हजार संबंधांतून जोडीदाराकडून झालेली एकही लागण आढळली नाही. वेळेवर उपचार सुरू करणाऱ्याचे आयुष्य आता इतरांच्या जवळपास बरोबरीचे असते. १९८५ मधला रिपोर्ट आणि आजचा रिपोर्ट यांत शब्द एकच असला, तरी अर्थ एक राहिलेला नाही.

जोडीदाराला हे कसे सांगायचे? तो किंवा ती मलाच दोष देईल.

सांगणे कठीण असते, पण टाळले तर उपचार वाया जाण्याची शक्यता असते, कारण एकाने औषध घेतले आणि दुसऱ्याने घेतले नाही की संसर्ग पुन्हा परत येतो. एका मात्रेच्या उपचारानंतर सात दिवस, किंवा सात दिवसांच्या गोळ्या संपेपर्यंत, आणि जोडीदाराचाही उपचार पूर्ण होईपर्यंत संबंध टाळावेत.

बोलताना लांबण लावू नये. “माझी तपासणी झाली, त्यात क्लॅमिडिया निघाला. तो औषधाने बरा होतो. तुलाही तपासून घ्यावे लागेल, मी बरोबर येईन,” एवढी तीन वाक्ये पुरतात. कोणामुळे झाले हा विषय निघेलच. त्याचे प्रामाणिक उत्तर असे, की रिपोर्टवरून लागण कधी झाली आणि कोणाकडून झाली, हे बहुतेक वेळा सांगता येत नाही. हर्पिस आणि एचपीव्ही तर वर्षानुवर्षे लक्षणांशिवाय राहू शकतात, त्यामुळे आजचा निकाल हा जुन्या, विसरलेल्या नात्यातला असू शकतो. रिपोर्टला बेइमानीचा पुरावा मानणे अनेकदा निव्वळ चूक ठरते.

समोर सांगणे शक्य नसेल, किंवा सांगितल्याने मारहाणीची भीती असेल, तर स्वतः सांगू नये. केंद्रातल्या समुपदेशकाला विचारावे. अनेक ठिकाणी आरोग्य कर्मचारी तुमचे नाव न घेता जोडीदाराला तपासणीसाठी कळवतात.

रिपोर्ट निगेटिव्ह आला, तरी विश्वास बसत नाही. पुन्हा करू का?

विंडो पिरियड उलटून गेल्यावर केलेली तपासणी निगेटिव्ह असेल आणि त्यानंतर नवा धोका घडलेला नसेल, तर तो निकाल अंतिम मानावा. तरीही तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या वेळी वेगवेगळ्या लॅबमध्ये जावेसे वाटत असेल, तर शंका आता विषाणूची राहिलेली नाही. अनेकदा त्यामागे एखाद्या संबंधाबद्दलचा अपराधभाव असतो आणि माणूस नकळत शिक्षेची वाट पाहत असतो. रक्ताची नळी या बाबतीत काही करू शकत नाही. समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ करू शकतात.

किती काळाने पुन्हा तपासणी करावी?

नवा जोडीदार आला की, आणि जोडीदार बदलत असतील किंवा एकाहून अधिक असतील तर दर तीन ते सहा महिन्यांनी. क्लॅमिडिया किंवा गोनोरियाचा उपचार झाला असेल तर सुमारे तीन महिन्यांनी एकदा, कारण पुन्हा लागण होण्याचे प्रमाण बरेच असते. उपचारानंतर लगेचच क्लॅमिडियाची तपासणी करू नये. मेलेल्या जिवाणूंचे अवशेष काही आठवडे सापडत राहतात आणि निकाल फसवा येतो. सिफिलिसचेही एक वैशिष्ट्य ठाऊक असावे : त्याची एका प्रकारची अँटिबॉडी उपचारानंतरही बहुधा आयुष्यभर पॉझिटिव्ह राहते, म्हणून जुना रिपोर्ट जपून ठेवावा आणि नव्या डॉक्टरांना दाखवावा.

केंद्राच्या दारापर्यंत गेलो आणि परत आलो. आता काय?

अनेकांचे असे होते. प्रस्तुत लेखकाचेही झाले आहे. पहिल्या वेळी पाटी वाचून पुढे निघून गेलो, दुसऱ्या वेळी प्रतीक्षागृहात दहा मिनिटे बसून फोन आल्याचे सोंग करीत बाहेर पडलो. तिसऱ्या खेपेला दोन गोष्टी वेगळ्या केल्या : दिवसाची पहिलीच वेळ आधी ठरवून घेतली, म्हणजे बसून राहावे लागू नये, आणि एका मित्राला समोरच्या रस्त्यावर उभे केले. आत जाताना मनात संपूर्ण बचावाचे भाषण तयार होते, कधी, कोणाशी, का, आणि यापुढे असे होणार नाही, हेही. खिडकीतल्या बाईंनी वर न पाहता डबी पुढे केली आणि विचारले, “शेवटची लघवी किती वेळापूर्वी केली?” वीस मिनिटांपूर्वी, असे सांगितल्यावर त्यांनी डबी परत घेतली, पाण्याच्या पिंपाकडे बोट दाखवले आणि आणखी चाळीस मिनिटे बसायला सांगितले.